‘स्वस्तात आणि सहज’ होणाऱ्या कामाचा हिशोब

पोस्ट मोठी आहे. ज्यांची मोटारसायकल २०२० च्या आधीची आहे आणि जिला कार्बोरेटर आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी वाचली तर उपकार.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल एक लांबलचक खुलासा काढला. त्यात जुन्या गाड्यांविषयी एक वाक्य होतं. मतलब असा, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होऊन जातं.

तालुक्याच्या गावी माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय. नव्या गाड्यांचे मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात, माझ्याकडे येतात ते दूधवाले, पेपरवाले, गवंडी, शेतमजूर, रिटायर्ड गुरुजी. म्हणजे कार्बोरेटरवाले. त्यामुळे ‘स्वस्त’ आणि ‘सहज’ या दोन शब्दांवर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी समजतो.

आधी मुद्दा समजून घ्या, कारण व्हॉट्सअपवर याबद्दल जे फिरतंय ते निम्मं अर्धवट आहे.

कार्बोरेटरला डोकं नसतं. इंजिन हवा ओढतं, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. किती पेट्रोल यायचं हे पितळेच्या त्या बारक्या जेटचं भोक ठरवतं. बास. पेट्रोल कसलं आहे, त्यात काय मिसळलंय, हे त्याला कळत नाही.

आता एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला लागते फक्त नऊ किलो, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. वीस टक्के मिसळलं की हिशोब साधारण साडेतेरावर येतो. हवा तेवढीच, भोक तेवढंच, पण मिश्रणाला पेट्रोल जास्त हवं होतं. ते मिळत नाही. गाडी लीन चालते. सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, रेस दिली की क्षणभर गुदमरते, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज, प्लग बदामी असायचा तो पांढुरका. इंजिन तापतं. टू-स्ट्रोक असेल, म्हणजे आपली आरएक्स १००, आणि घाटात फुल रेसवर लीन चालवली, तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि जवळजवळ सगळ्या मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. त्यांच्या सायलेन्सरमध्ये सेन्सर असतो, तो धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. त्या मालकांना काही जाणवत नाही, म्हणून ते कमेंटमध्ये येऊन लिहितात की सगळा बाऊ आहे. दादा, तुमच्या गाडीत बाऊच आहे. तिच्या आधीच्या सगळ्या गाड्यांचं काय?

आता ‘सहज’ म्हणजे काय ते बघा.

सुरुवात कार्बोरेटरपासून करायचीच नाही. आधी टाकी. पेट्रोल कॉकची नळी काढून पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. तळाला गंज दिसतो, कधी पाण्याचा वेगळा थर दिसतो. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी मुरलं तर दिसत नाही, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात, आणि कॉकचं तोंड नेमकं तिथेच असतं. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-दोन महिने गाडी गोठ्यात उभी असते, तिची टाकी अर्धी रिकामी, आत दमट हवा. टाकी गंजली असेल तर ती साफ केल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नाही. आठ दिवसांत गिऱ्हाईक परत दारात.

मग कार्बोरेटर उतरवायचा. इंजिनला जोडणारं रबर अंगठ्याने दाबून बघायचं, बारीक तडे असतील तर तिथून फुकटची हवा जाते आणि वर कितीही ट्युनिंग करा, गाडी लागत नाही. वाटी उघडली की कधी आत पांढरी पूड दिसते. ती घाण नव्हे, तो कार्बोरेटरच झिजतोय. आत डबके होऊन बसलेल्या पाण्याने धातू खाल्लेला असतो.

मग रबर. फ्लोटच्या सुईला टोकाला रबर असतं. ते फुगलं की सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन रस्त्यावर, किंवा ती अडकते आणि गाडी बंद. जुन्या गाड्यांच्या ओ-रिंग साध्या नायट्राइल रबराच्या. इथेनॉलमध्ये फुगतात, सुकल्या की कडक होतात. एकदा बाहेर काढलेली ओ-रिंग परत त्याच खाचेत बसत नाही, हे मी रोज बघतो. याला उपाय आहे, व्हायटॉन नावाचं रबर येतं, ते टिकतं. पण बाजारात मिळणाऱ्या किटच्या पाकिटावर रबर कुठलं हे लिहिलेलंच नसतं! दुकानदाराला विचारा, तो म्हणणार ‘ओरिजनलच आहे मामा’. रंगावरून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, काळ्या रंगात दोन्ही येतात. मी नवीन किट आणलं की त्यातली एक ओ-रिंग आधी व्हर्नियरने मोजतो, झाकणाच्या बाटलीत पंपाच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवतो आणि परत मोजतो. फुगली तर सगळा लॉट परत. एका तालुक्याच्या गॅरेजवाल्याने ही प्रयोगशाळा चालवायची, आणि मंत्रालयाने म्हणायचं सहज.

पायलट जेट. त्याचं भोक असतं पाऊण मिलिमीटरच्याही निम्मं. त्यात चिकट थर बसतो. इथे आमच्याच धंद्यातले लोक घोळ घालतात, क्लचच्या वायरची एक तार काढून भोकात खुपसतात. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग ती गाडी जन्मभर आयडलला नीट उभी राहत नाही. क्लीनर मारा, हवा मारा, उजेडापुढे धरून आरपार गोल दिसतंय का बघा. नाही दिसलं तर जेट बदला.

फ्लोटची उंची मोजायची. सगळं जोडायचं. इंजिन दहा मिनिटं गरम करायचं, थंड इंजिनवर ट्युनिंग करणारा माणूस तुमचे पैसे खातोय असं समजा. मग स्क्रू. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. हा फरक माहीत नसलेली पोरं दिवसभर उलटं फिरवत बसतात. पाव-पाव फेरा, प्रत्येक वेळी थांबून आवाज ऐकायचा, जिथे आयडल सगळ्यात वर आणि स्थिर, तिथे सोडायचा.

इथपर्यंत झालं आयडल. अर्ध्या रेसला सुईची क्लिप एक खाच खाली घ्यायची म्हणजे सुई वर येते. आणि फुल रेसला मेन जेट. शुद्ध किंवा दहा टक्क्यांच्या पेट्रोलला बसवलेला जेट वीस टक्क्यांना लहान पडतो, एक-दोन नंबर वरचा घालावा लागतो. किती वरचा? केहिनच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरचा शंभरावा भाग. व्यास दोन टक्के वाढवला की क्षेत्रफळ चार टक्के वाढतं. म्हणजे चूक करायला जागाच नाही. एक नंबर इकडे-तिकडे झाला की गाडी एकतर लीन, नाहीतर काळा धूर. कुठल्या मॉडेलला ई-२० वर कुठला जेट, याचा एक साधा तक्ता मला आजवर कुणीही दिलेला नाही. गाडी विकणाऱ्यांनी दिला नाही, पेट्रोल विकणाऱ्यांनी दिला नाही. मी माझ्या वहीत लिहून लिहून तयार केलाय, प्रत्येक गाडी रस्त्यावर पळवून, प्लग काढून बघून.

(दोन कार्बोरेटरवाली राजदूत ३५० अजून कुणाकडे असेल तर त्यांना माझा दंडवत. दोन्हीच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. जुळ्या पोरांना एकाच वेळी झोपवण्यासारखं काम आहे.)

झालं. टाकी धरून अर्धा दिवस. किट दोन-तीनशेचं, मजुरी चारशे, जोडाचं रबर आणि जेट बदलले तर हजाराच्या पुढे. ज्याचा गाडीवाचून रोज बुडतो त्याचा रोज वेगळा. आता मंत्रालयाचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात रबर आणि गॅस्केट आहे. जेट नाही, सुई नाही, टाकी नाही, ट्युनिंग नाही.

मला जास्त राग कशाचा आहे ते सांगतो. जून २०२१ मध्ये नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीचा इथेनॉलचा रोडमॅप आला. सरकारचाच कागद. त्यात तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. पहिली, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी सेट केलेल्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज वीस टक्क्यांवर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. दुसरी, इथेनॉलमध्ये ताकद कमी असल्याने असं पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळालं पाहिजे. तिसरी, ई-२० टप्प्याटप्प्याने आणताना जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी ई-१० पेट्रोल उपलब्ध ठेवायचं.

संरक्षणासाठी. हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० मोजक्या पंपांवर सुरू झालं. वीस टक्क्यांचं जे लक्ष्य आधी २०३० चं होतं ते २०२५ मध्येच गाठलं, पाठ थोपटून झाली. आणि ई-१० कुठे गेलं? गायब. स्वस्त पेट्रोल कुठे गेलं? आता सांगतात की इथेनॉलची खरेदीच पेट्रोलपेक्षा महाग पडते, स्वस्त कुठून देणार. म्हणजे ज्याला धोरण परवडत नाही त्याचं नाव गिऱ्हाईक. रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकणाऱ्या दूधवाल्याचे दिवसाला तीन-चार रुपये गेले, वर्षाला अकराशे ते साडेचौदाशे. हे मी नाही काढलं, त्यांच्याच टक्क्यांवरून गुणाकार करा. त्यात माझं बिल वेगळं.

यावर उत्तरं ठरलेली आहेत. एकेक घेतो.

‘ब्राझीलमध्ये सत्तावीस टक्के चालतं.’ चालतं की. आता तीस केलंय. पण ब्राझीलचा इथेनॉल कार्यक्रम १९७५ चा आहे. पन्नास वर्षं तिथल्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनतायत, जेट त्याच हिशोबाचे, रबर त्याच हिशोबाचं. माझ्या गॅरेजमधली १९९८ ची स्प्लेंडर ब्राझीलसाठी बनलेली नाही. उदाहरणं द्यायचीच तर इंग्लंडचं द्या. तिथे सप्टेंबर २०२१ ला दहा टक्के आणलं, फक्त दहा, आणि जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल पंपावर ठेवलं. अमेरिकेत पंधरा टक्केवालं पेट्रोल मोटारसायकलमध्ये टाकायलाच मनाई आहे, पंपावर नारिंगी लेबल लावून तसं लिहिलेलं असतं.

‘तू ऊस उत्पादकाच्या विरोधात आहेस.’ हे मला माझ्याच भावकीतल्या माणसाने ऐकवलं. अरे, माझ्याच घरचा ऊस कारखान्याला जातो. इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा लवकर मिळतो आणि एफआरपी वेळेवर निघायला मदत होते, हे मी नाकारत नाही. पण एक, आता देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल मका आणि तांदळातून येतंय, तेव्हा प्रत्येक वेळी ऊसवाल्याला पुढे करू नका. आणि दोन, तोच ऊसवाला मोळी बांधून झाल्यावर जी गाडी किक मारून घरी जातो ती कुठली असते? पंधरा वर्षांची सीडी डिलक्स असते. त्याच्या एका खिशात घालून दुसऱ्या खिशातून काढायचं, याला शेतकरी हित म्हणायचं का?

‘जुनी गाडी भंगारात घाला.’ हे शहरातल्या लोकांचं आवडतं वाक्य. पंधरा वर्षं झालेली गाडी कायद्याने बाद होत नाही. पासिंग करून पाच वर्षं वाढवून मिळतात. त्याची फी २०२२ पासून हजार रुपये झाली, वीस वर्षांपुढच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार. वर पर्यावरण कर. वर नवी नंबरप्लेट. हे सगळं भरून ज्याने आरसी बुकावर शिक्का घेतला, त्याला सरकारनेच सांगितलंय की तुझी गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे. मग तिला चालेल असं पेट्रोल द्यायची जबाबदारी कुणाची? नवी गाडी ऐंशी-नव्वद हजारांची, हप्त्याने. ज्याच्या हातात पाच हजार एकरकमी येत नाहीत त्याला हे सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याच्या बुडाखाली कार असली की.

‘धूर कमी होतो.’ होतो. कार्बन मोनॉक्साइड नक्की कमी होतो. पण कार्बोरेटरच्या गाडीत तो कमी होण्याचं एक मोठं कारण हेच, की गाडी लीन चालतेय. मी जेट वाढवून ती नीट लावली की त्यातला काही फायदा परत जातो. हे कुणी बोलत नाही. म्हणजे हवा स्वच्छ दाखवायची असेल तर इंजिन तापू द्या, आणि इंजिन वाचवायचं असेल तर आकडा विसरा. शिवाय पीयूसी होते ती आयडलवर. मेन जेटचा त्यात संबंधच येत नाही. स्क्रू पाव फेरा फिरवला की कागद मिळतो.

आता दुसऱ्या बाजूच्यांनाही दोन शब्द. गाडी बंद पडली की ‘इथेनॉल’ म्हणायची जी फॅशन आलीय, तिने आपलीच बाजू लंगडी होते. माझ्याकडे ‘इथेनॉलने गेली’ म्हणून येणाऱ्या गाड्यांतल्या कितीतरींचा एअर फिल्टर तीन वर्षांत बदललेला नसतो, कुणी डुप्लिकेट कार्बोरेटर घातलेला असतो, कुणी वॉल्व्हची सेटिंग कधीच केलेली नसते. आमचे काही गॅरेजवालेही आता आपला निष्काळजीपणा इथेनॉलच्या नावावर खपवतात. आणि ते बाटलीतलं ‘इथेनॉल काढून टाकणारं’ औषध विकतायत ना, ते घेऊ नका. टाकीत ओतलेल्या चमचाभर औषधाने पेट्रोलमधलं वीस टक्के काही नाहीसं होत नाही.

सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. ठीक आहे, कोर्टाचा मान आहे. मी शुद्ध पेट्रोल मागतच नाही. माझ्या मागण्या लहान आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सरकारच्या जुन्याच कागदात आहेत. प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपाच्या एका नोझलला ई-१० द्या. प्रत्येक मशीनवर इथेनॉल किती टक्के ते मराठीत, हाताएवढ्या अक्षरात लिहा. आमच्या भागातल्या पंपांवर मी फिरून बघितलं, कुठे नखाएवढा स्टिकर, कुठे तोही नाही. २०२० पर्यंत कार्बोरेटरच्या गाड्या विकून नफा कमावलेल्या कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलचा ई-२० साठीचा जेट, क्लिपची खाच आणि स्क्रूचे फेरे जाहीर करावेत. एका पानाचं काम आहे. किटच्या पाकिटावर रबराचं नाव सक्तीचं करा. आणि तोवर ‘स्वस्तात आणि सहज’ हे शब्द वापरू नका.

आमदार-खासदारांच्या पेजवर हे टॅग करा, मीही करतोय. ग्राहक पंचायतीचं काम करणारे कुणी वाचत असतील तर संपर्क करा, वहीतला जेटचा तक्ता झेरॉक्स करून देईन, फुकट.

गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीच्या खालचा स्क्रू सोडा आणि आतलं पेट्रोल काढून टाका. टाकी भरून ठेवा, रिकामी नको.

आणि तुमच्या पेट्रोलमध्ये किती आहे हे बघायचं असेल तर येत्या रविवारी दहा ते एक गॅरेजवर या. बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन या, झाकण घट्ट लावून. मापाच्या नळीत दहा मिली पाणी, वर नव्वद मिली पेट्रोल, हलवायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर एकोणीसच्या आसपास आला तर दहा टक्के, अठ्ठावीसच्या आसपास आला तर वीस. जवळपास विडी-सिगारेट चालणार नाही.